पाचवी खुर्ची

ताई, नमस्कार.

मी मूळची सांगलीची, आता न्यू जर्सीत नवरा आणि नऊ वर्षांच्या मुलीबरोबर राहते. पर्ड्यूला पीएचडी करत असताना आम्हा पाच जणांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा ग्रुप होता. दर शुक्रवारी रात्री जमायचो, अशी चार वर्षं. मी डीएम, म्हणजे गोष्ट रचणारी आणि खेळ चालवणारी, आणि बाकीचे चौघे त्या गोष्टीतली पात्रं. उन्हाळ्यात गाडी काढून इंडियानापोलिसला जेन कॉनला, म्हणजे अशा खेळांच्या मोठ्या संमेलनाला, जायचो, तेही सलग तीन वर्षं.

२०१३च्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी खेळ एका बंद दारापाशी थांबला. पुढच्या आठवड्यात उघडू, असं ठरलं. मधल्या बुधवारी आईच्या आजारपणाचा फोन आला आणि मी सांगलीला गेले. फेब्रुवारीत आई गेली. परत येऊन थीसिस कसाबसा संपवला, नोकरीसाठी इकडे आले आणि त्या चौघांपैकी कुणाच्याच मेसेजला उत्तर दिलं नाही. का, ते मलाही धड सांगता येत नाही. आधी जमलं नाही, मग उशीर झाला म्हणून लाज वाटली, मग ती लाजच मोठी होत गेली.

गेल्या महिन्यात एकाचा मेल आला: ‘या वर्षी आम्ही चौघे जेन कॉनला जमतोय. पाचवी खुर्ची रिकामी आहे. ये.’ माझी तेव्हाची वही अजून जपून ठेवली आहे. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलंय, क्लेरिकचे ७ हिट पॉइंट उरलेत, म्हणजे त्या पुजारी पात्रात तेवढाच जीव बाकी. मी जाऊ का? त्यांना तोंड कसं दाखवू? इतक्या वर्षांत फासा हातात धरलेला नाही, नियम बदललेत म्हणे. आणि नवरा विचारतो, चार दिवस खेळायला विमानानं जाणार?

— एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

जा. विमानाचं तिकीट आजच काढ, मग पुढचं वाच.

तुझ्या पत्रातला मजकूर जागेअभावी थोडा कापावा लागला, पण मूळ पत्रात ‘मी त्यांना सोडून गेले’ हे वाक्य तीन वेळा आहे. तिथूनच सुरुवात करते, कारण माझ्या मते गाठ तिथेच बसली आहे.

लहानपणी गल्लीत खेळली असशील तर तुला टाइमप्लीज माहीत आहे. लगोरी ऐन रंगात आलेली असताना घरून हाक आली, चपलेचा अंगठा तुटला, गुडघा फुटला, की ‘टाइमप्लीज’ म्हणून ओरडायचं आणि खेळ तिथल्या तिथे थांबायचा. त्याचं कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही. तुझ्यावर आलेली वेळ टाइमप्लीज घ्यायचीच होती. आई अंथरुणाला खिळलेली असताना शुक्रवारच्या खेळाचा विचार कोण करतं? चुकलं ते एवढंच, की तू ते मोठ्यानं म्हणाली नाहीस. चौघे दारापाशी उभेच राहिले आणि डाव थांबलाय की मोडलाय हे त्यांना कळलंच नाही. माफी मागायची ती एवढ्याचीच. आईजवळ गेलीस याची माफी कुणाकडे मागायची नसते आणि त्या चौघांनी ती मागितलेलीही नाही.

ही माफी आत्ता माग, जुलै उजाडायच्या आत आणि लिहून. चौघांना एकाच वेळी एकच मेल जाऊ दे, म्हणजे कुणाला आधी आणि कुणाला मागून कळलं असं व्हायला नको. साधारण असं लिही: ‘२०१३मध्ये मी खेळ अर्ध्यावर टाकून गेले. आई आजारी होती, फेब्रुवारीत ती गेली. त्यानंतर तुमचे मेसेज आले, मी ते वाचले आणि उत्तर दिलं नाही. तुम्हाला ताटकळत ठेवलं याचं मला फार वाईट वाटतं. मी येतेय.’ इंग्रजीतच पाठवशील, पण आधी मराठीत लिहून बघ. आईबद्दलची वाक्यं आपल्या भाषेत आधी नीट लागली, की दुसऱ्या भाषेत ती पसरट होत नाहीत. मेल गेला, की त्या विषयाची तुझी पाळी संपली. तिथे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नकोस.

हे मी अनुभवानं सांगते. मीही एकदा अशीच एका मैत्रिणीपासून तुटले होते. नऊ वर्षांनी ती मला जेन कॉनमध्येच भेटली, कन्व्हेन्शन सेंटरच्या एका लांबलचक मार्गिकेत, दुपारच्या गर्दीत. मी तिला भिंतीशी उभं करून माझी सगळी कर्मकहाणी सांगितली. त्यात चाळीस मिनिटं गेली असतील. तिच्या हातात कागदी ताटली होती, त्यातलं जेवण गार झालं, दोनला तिचा खेळ होता आणि ती माझा हात दाबून निघून गेली. तिच्या चेहऱ्यावर थकवा होता, राग नव्हता. मला वाटलं, संपलं सगळं. पण संध्याकाळी तिचा मेसेज आला: खालच्या लॉबीत एक टेबल मिळालंय, दोघींचा एक गेम आहे, येतेस? आम्ही दोन तास खेळलो. ‘तुझी पाळी’, ‘थांब, हा पत्ता पुन्हा वाच’, यापलीकडे बोलणं नव्हतं. तिसऱ्या डावात सोंगट्या लावता लावता, मान वर न करता तिनं विचारलं, ‘तेव्हा तुझ्या घरी कोण होतं तुझ्याजवळ?’ मी म्हटलं, ‘कुणी नाही.’ ती म्हणाली, ‘हं.’ आणि फासे माझ्याकडे सरकवले. दुपारच्या चाळीस मिनिटांत जे तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं, ते त्या दोन शब्दांत पोचलं. हात कामात असले आणि नजर पटावर असली, की माणसाला अवघड गोष्ट विचारता येते. तुमची दोस्ती फाशांवर जुळली. तिला पुन्हा फाशांवरच येऊ दे.

मुळात हे संमेलन सुरू झालं तेच अशा भेटीगाठींसाठी. १९६८ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावात गॅरी गायगॅक्स यांनी एक हॉल भाड्यानं घेतला आणि युद्धाचे खेळ खेळणाऱ्यांना एकत्र बोलावलं. जिनिव्हा करारावर, म्हणजे ‘जिनिव्हा कन्व्हेन्शन’वर, कोटी करत त्याला जेन कॉन हे नाव पडलं. पुढच्याच वर्षी, १९६९च्या संमेलनात, गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन पहिल्यांदा भेटले आणि १९७४ मध्ये त्या दोघांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स बाजारात आला. तुमचे शुक्रवार त्या भेटीतून आले आहेत. आपल्याकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात कुणी जुनं भेटलं, की पहिला प्रश्न ‘सध्या कुठे असता, मुलं किती’ हा असतो. तुझ्यासारख्या मनःस्थितीत तो प्रश्न जड जातो. जेन कॉनमध्ये पहिला प्रश्न असतो, ‘काय खेळलीस आज?’ त्याचं उत्तर तुझ्याकडे पहिल्या संध्याकाळपर्यंत नक्की असेल.

आता व्यवहाराचं. तू शेवटची गेलीस तेव्हाचं जेन कॉन डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नकोस. २०१३ मध्ये तिथे एकोणपन्नास हजारांच्या आसपास लोक आले होते, आता सत्तर हजारांच्या वर जातात. शेजारचं लुकस ऑइल स्टेडियमही खेळांसाठी घेतात, मैदानभर टेबलं मांडलेली असतात. त्यामुळे ‘तिथे पोचलो की भेटू’ हे चालत नाही. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये तर पहिली भेट ठेवूच नकोस. सकाळी दहाला दारं उघडतात आणि लोंढा आत घुसतो. त्या कोलाहलात एवढ्या वर्षांनी मिठी मारायची आणि लगेच कुणाच्या तरी पाठपिशवीचा धक्का खायचा, असं नको. बुधवारी संध्याकाळीच पोच. एखाद्या हॉटेलच्या लॉबीत, जेवणाच्या वेळेच्या थोडं आधी, पाच खुर्च्यांचं टेबल धरा आणि तिथे भेटा.

खोली मात्र स्वतंत्र घे, कन्व्हेन्शन सेंटरला जोडलेल्या हॉटेलात मिळाली नाही तरी चालेल, थोडी लांबची घे. चौघांपैकी कुणी ‘आमच्यात राहा’ म्हटलं तरी या वर्षी नको. रात्री दार लावून एकटीनं बसावंसं वाटेल, रडावंसंही वाटेल, त्याला जागा हवी.

खेळांची तिकिटं मे महिन्यात उघडतात. आपल्याला हव्या त्या खेळांची यादी आधी करून ठेवायची आणि वेळ झाली की ती पाठवायची. पुढे नंबर कितवा लागेल ते नशिबावर. तुम्ही पाच जणांनी मिळून चार दिवसांत दोनच खेळ असे निवडा, जे पाचही जण एका टेबलावर खेळतील. बाकी वेळ मोकळा ठेवा. जे ठरवलं ते मिळालं नाही तर जेनेरिक तिकिटं जवळ असू देत. खेळ सुरू व्हायच्या वेळी कुणी आलं नसेल तर ती देऊन रिकाम्या जागेवर बसता येतं. झोप, जेवण, आंघोळ यांचा तिथला जुना हिशेब तुला आठवत असेल: रोज किमान सहा तास झोप, दोन जेवणं, एक आंघोळ. तो पाळ. तेव्हा तू पंचविशी-तिशीतली होतीस.

त्या दोन खेळांतला पहिला खेळ गुरुवारी असू दे आणि तो दुसऱ्या कुणी चालवलेला असू दे, अगदी अनोळखी डीएमनं. माझ्या सगळ्या सांगण्यात मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगते. चार वर्षं तू पडद्याच्या मागे बसलीस. डीएमसमोर ते उभं पुठ्ठ्याचं कवच असतं ना, पलीकडच्यांना आपले आकडे दिसू नयेत म्हणून, त्याच्या मागे. चौघे एका बाजूला, तू एकटी दुसऱ्या बाजूला. काय होणार ते तुला माहीत असायचं, त्यांना नसायचं. आणि मग खऱ्या आयुष्यातही तसंच झालं. सांगलीत काय चाललंय ते तुला माहीत होतं, त्यांना नव्हतं. आता एकदा त्यांच्या बाजूला येऊन बस. दाराआड काय आहे ते तुलाही माहीत नसू दे. बुटक्या ड्वॉर्फचं पात्र खेळणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून, त्याच्यासारखीच घाबरून फासा टाक. चार तासांचा तो खेळ तुमच्यातल्या पाचव्या खुर्चीचा प्रश्न परस्पर सोडवेल. अशा टेबलांवर बहुधा एखादा अनोळखी खेळाडूही असतो. असू दे. त्याच्यासमोर तुम्ही पाचही जण नकळत एका बाजूचे होता.

नियमांची धास्ती सोड. तुम्ही खेळायचात ती साडेतीन नंबरची आवृत्ती, म्हणजे बेरजांचा डोंगर. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि २०२४ मध्ये तिचीच सुधारलेली पुस्तकं आली. तुला लागेल तेवढं दोन मिनिटांत सांगता येतं. पूर्वी कौशल्याचे, हल्ल्याचे वेगवेगळे आकडे जमवायचो, आता बहुतेक ठिकाणी एकच प्राविण्याचा आकडा फाशाच्या दानात मिळवायचा, तो २ पासून सुरू होतो आणि ६ पर्यंत जातो. परिस्थिती अनुकूल असेल तर वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठं दान घ्यायचं, प्रतिकूल असेल तर लहान. एवढ्यावर गुरुवारचा खेळ निभावतो. अडलं तर विचार. आपल्या खेळांत लहान भावंडाला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घ्यायचे, आठवतं? ते धावायचं, हसायचं, आऊट झालं तरी आऊट धरायचे नाहीत. डाव सगळ्यांचा आहे, ज्याला येत नाही त्यालाही खेळायचंय, हे त्यात गृहीत होतं. पहिल्या दिवशी तू कच्चं लिंबू आहेस असं त्यांना मोकळेपणानं सांग. तुला शिकवायला मिळालं तर ते चौघे खूश होतील. चार वर्षं तू त्यांना शिकवलं होतंस.

एक नवी सोय मात्र माहीत करून घे. आता पुष्कळ टेबलांवर मधोमध एक एक्स-कार्ड ठेवतात, इंग्रजी एक्स अक्षर लिहिलेला साधा कागद. गोष्टीत असं काही आलं जे सोसवत नाही, की त्या कार्डाला हात लावायचा. डीएम तो भाग तिथेच गाळतो, कारण विचारत नाही. काल्पनिक गोष्टीतही आजारी आई येऊ शकते, मैत्रिणी. आली, तर हात लाव. धीटपणा दाखवायची ती जागा नव्हे.

आता वही. ती ने. पण काढून टेबलावर ठेवू नकोस आणि ‘चला, आता दार उघडू’ असंही आपण होऊन म्हणू नकोस. तू गेल्यावर त्या चौघांनी दारापुढची गोष्ट मनातल्या मनात कशी ना कशी संपवली असेल. कुणी ठरवलं असेल की आत ड्रॅगन होता, कुणी ठरवलं असेल की क्लेरिक तिथेच मेला, कुणी त्यावर नवीन ग्रुप उभा केला असेल. तुझ्या वहीतलं उत्तर आता पाच उत्तरांपैकी एक आहे. म्हणून आधी त्यांना विचार: ‘तुम्हाला काय वाटलं होतं, आत काय असेल?’ आणि ऐक. मध्ये बोलू नकोस, ‘अगदी बरोबर’ नको, ‘छे’ही नको. डीएमला हे अवघड असतं, ठाऊक आहे मला.

वहीतलं काही सुधारून लिहायचा मोह होईल. तेव्हा तू शिकत होतीस, आता तुला गोष्ट जास्त चांगली सुचेल. तरी हात लावू नकोस. त्यांना ती गोष्ट हवी आहे जी तुला त्या नोव्हेंबरात, फोन यायच्या आधी, सुचली होती. त्या शुक्रवारची तू त्या वहीत आहेस आणि त्यांनी बोलावलंय ते तिलाही.

चौघांनी मिळून मागितलं तरच शनिवारी रात्री एक बैठक कर. दोन-तीन तासांची, त्या एका खोलीपुरती. पुढची चार वर्षं चालेल असं काही तिथे सुरू करू नका. जमलं तर ऑनलाइन पुढे जाईल, त्याची घाई नाही. बैठक रंगली तर उत्तमच. नाही रंगली, कुणी पेंगलं, कुणाला सकाळचं विमान असलं, तरी दार उघडलेलं असेल.

चौघांपैकी एखादा थंड वागेल, ही शक्यता धरून चल. ज्यानं मेल केला तो तुझा. बाकी तिघांचं मन त्याच्याइतकं मोकळं असेलच असं नाही. असं कुणी दिसलं तर त्याच्या मागे लागू नकोस, फक्त त्याच्या शेजारची खुर्ची टाळू नकोस. आणि या वर्षांत त्यांच्यावरही काहीबाही आलं असणार. नोकऱ्या गेल्या असतील, घरं मोडली असतील, कुणाचे आईवडील गेले असतील आणि तेव्हा तुला कळवावंसं वाटूनही त्यांनी कळवलं नसेल. तुझ्या मौनाचा विचार करता करता हे विसरायला होतं. विचार त्यांना.

नवऱ्याच्या प्रश्नाबद्दल थोडंच. ‘खेळायला विमानानं?’ याला उत्तर म्हणून खेळाची महती सांगत बसू नकोस. त्याला त्या चौघांबद्दल सांग: कोण काय खेळायचं, थंडीत कुणाच्या घरी जमायचा, आई गेल्याचं कळवायला तू कितीदा फोन हातात घेतलास आणि ठेवलास. मला शंका आहे की त्याला हे कधी पुरतं सांगितलेलंच नाहीस. आणि लेकीला पुढच्या वर्षी ने. रविवारी कुटुंबांसाठी प्रवेशाचा वेगळा बॅज असतो, मुलांना खेळायला पुष्कळ काही असतं. या वर्षी मात्र एकटीच जा.

वही विमानात चेक-इनच्या बॅगेत टाकू नकोस, पाठपिशवीत जवळ ठेव. तिच्यासोबत एक टोक केलेली पेन्सिल घे, कारण सातचा आकडा पेन्सिलीनं लिहिलेला आहे आणि दाराआड गेल्यावर तो खोडावा लागेल.

तुझी,
ताई